पेटी कोणाच्या मागून गेली

आधीच सांगतो, मी असल्या गोष्टी मानणारा माणूस नाही. वाड्यावरच्या, म्हणजे आमच्या वस्तीच्या, राखणदार देवाला वर्षाला नारळ देतो, पण तो मान झाला. म्हाताऱ्या शेजाऱ्याला जाता-येता हाक मारावी तसा. त्यात भीती नाही. डिचोलीच्या खाणींवर मी ट्रक चालवला, सगळी जवानी लाल धुळीत गेली. अमक्या वळणावर पांढऱ्या साडीतली बाई हात करते, असं सगळे ड्रायव्हर सांगायचे. मला एकदासुद्धा दिसली नाही. दिसली असती तर बसवून घेतली असती... पायी कुठे जाते बिचारी.

शिक्षण चौथी. हे लिहितोय म्हणजे फोनसमोर बोलतोय, आणि सून दीपा शेजारी बसून चुका काढतेय. तुमच्या ह्या पानावरच्या गोष्टी ती वाचते. तीच म्हणाली, "अण्णा, तुमची गोष्ट घाला. हांगा कोण हसचे नाय." हसलात तरी माझं काय जातंय.

मी गोव्यातल्या मांद्र्याचा. मुलगा महेश पाहुण्यांना खोल्या भाड्यानं देतो, मी अंगणातल्या कदेलीत — म्हणजे खुर्चीत — बसून ते पाहुणे बघतो. माझी बायको शालन गेल्या उन्हाळ्यात गेली. दमा होता. दुपारी जेवून आडवी झाली ती उठली नाही. त्यावर जास्त बोलणार नाही. लोक येऊन सांगायचे, "सोन्यासारखं मरण आलं." मी म्हटलं, सोनं तुमच्या घरी न्या.

आता गाण्याचं सांगतो, कारण सगळं त्या गाण्यावरच आहे.

ज्यांनी दशावतारी नाटक बघितलं नाही त्यांच्यासाठी थोडं. आमच्याकडे आणि पलीकडे सिंधुदुर्गात प्रत्येक देवळाच्या जत्रेला ही नाटकं होतात. सगळे पुरुष. बाईचं कामही पुरुषच करतो, त्याला स्त्रीपार्टी म्हणतात. लिहिलेलं पुस्तक वगैरे काही नसतं. कथा काय हे रंग फासताना आपसात ठरतं, बाकी सगळं तोंडाला येईल तसं. म्हणून एकच नाटक दोन गावांत सारखं होत नाही.

बाबली नावाचा एक स्त्रीपार्टी होता. राजा लढाईत पडतो आणि राणी त्याच्या उशाशी बसून रडते, हा त्याचा प्रवेश. त्यात तो एक पद म्हणायचा —

*उठा हो राया, दिवस वर आला,*
*घोडा दारी तुमचा खिंकाळला...*

इतकंच पक्कं. पुढच्या ओळी तो दर गावी नव्या घालायचा. त्या पदासाठी लोक गाड्या करून यायचे. आमच्या बायका घरात माणूस गेलं की बोलून रडतात ना — तू हे केलंस, तू ते केलंस, आता कोण करणार — त्याच चालीवर ते पद होतं. सूर लावून म्हटलेलं रडणं. ऐकताना लाज वाटायची. परक्याच्या घरात शिरून दुःख बघतोय असं वाटायचं, आणि तरी पाय निघत नसे.

शालनचं माहेर नार्वे. तिथल्या जत्रेला आम्ही गेलो होतो, महेश तेव्हा शाळेत होता. तेव्हा फोनला नुसती बटणं असायची, त्यावर काही धरून ठेवता येत नसे. त्या नाटकात बाबलीनं एक चूक केली. राणीनं पुस्तकी मराठीत बोलायचं असतं. राजवाडा, घोडा, रत्नं, असं. आणि बाबली मधेच घरच्या बोलीत घसरला —

*उठा हो राया, दिवस वर इलो,*
*पेज निवली, वर साय धरली...*

राणी आणि पेज! माझ्या पुढ्यात एक इसम बसला होता, तो हसायला लागला आणि तोंड उघडं ते उघडंच राहिलं. कारण बाबलीचा आवाज... कसा सांगू. ट्रक उताराला लागल्यावर ब्रेक लागत नाही आणि ड्रायव्हरला ते कळतं, त्या क्षणासारखा. त्यापुढे आणखी एक ओळ त्यानं म्हटली आणि पद संपवलं. टाळी वाजली नाही. पदर मात्र सगळ्या बायकांचे डोळ्यांना.

दुसऱ्या दिवशी कळलं, बाबलीची बायको त्याच संध्याकाळी घरी वारली होती. निरोप आला होता, पण नाटक कंपनीच्या मालकानं तो दाबून ठेवला. नाटक उभं राहिलं की मधे मोडायचं नाही, ही जुनी रीत. तोंडाचा रंग उतरवल्यावर त्याला सांगितलं. म्हणजे गाताना त्याला ठाऊक नव्हतं.

शालन म्हणाली, "तेका म्हायत नसात. पदाक म्हायत होता."

मी म्हटलं, "पदाक काय म्हायत असता गे? पद म्हणजे काय पोस्टमन?"

"तू ट्रक चलय," ती म्हणाली.

नार्व्याची ती ओळ शालननं उचलली. त्यानंतर सगळा जन्म नारळ खवताना, सुकी मासळी भाजताना ते पद तिच्या तोंडात. पेज निवलीपर्यंत मोठ्यानं, पुढची शेवटची ओळ हळू, स्वतःपुरती. दम्यामुळे त्या ओळीच्या मधे ती थांबायची, श्वास घ्यायची, मग पुरी करायची. मी बाहेरच्या खोलीत. रोज कानावर पडणारी गोष्ट कोण लक्षात ठेवतो? विहिरीवरच्या रहाटाचा आवाज कोणी पाठ करतं का?

ती गेल्यावर बाराव्याला माणसं पांगली, घर रिकामं झालं, आणि मला ते पद म्हणावंसं वाटलं. पेज निवली, वर साय धरली... आणि पुढे काही नाही. भिंत. ती शेवटची ओळ मला येतच नव्हती.

महेशला विचारलं. तो म्हणाला, "अण्णा, आई पुटपुटायची ते ना? चाल येता, शब्द नाय." तिच्या भावाला नार्व्याला फोन केला. तो म्हणाला, "भावोजी, आता ह्या वयात पदां?" मी फोन ठेवला.

ज्याचं माणूस गेलंय त्यालाच हे कळेल. फोटो होता, साड्या होत्या. पण तिच्या तोंडात रोज असलेली एक गोष्ट जगातून नाहीशी झाली होती आणि ती मी ऐकली होती, हजारदा. मला दुसरं काही नको होतं. ती ओळ हवी होती.

दीपानं फोनवर बाबलीची पदं शोधून दिली. पुष्कळ होती. लोकांनी आपापल्या फोनवर घेतलेली, गावोगावची. मी ती सगळी ऐकली, पुन्हा पुन्हा ऐकली. आता मी त्यातला तज्ज्ञ आहे म्हणा ना. एक पेडण्याच्या बाजूचं, त्यात माईक शिट्टी मारतो, पण बाबली त्या शिट्टीच्या वर सूर नेऊन ठेवतो आणि शिट्टीच लाजून बंद होते. एक तेरेखोलजवळचं, उघड्यावर. वारा इतका की अर्धे शब्द उडून जातात. तिथं तो राजाला म्हणतो, "तुमच्या चपला बाहेर तशाच, पाऊस येतो." नुसतं एवढंच. ते ऐकून मी उठून बाहेर जाऊन आलो. एकात तो पुढे गातच नाही, राजाच्या अंगावरची शाल नीट करत बसतो आणि पेटीवाला आपला थांबून असतो, आणि ती गप्प जागा सगळ्या शब्दांहून जड.

आणि एक होतं स्टुडिओतलं. बाबलीला कोणीतरी थंड खोलीत उभं करून, मागे बासऱ्या-बिसऱ्या घालून केलेलं. आवाज स्वच्छ. पण ऐकताना वाटलं, रडणं धुऊन इस्त्री करून घडी घातलंय. दीपाला ते आवडलं. मी म्हटलं, "बाय, ह्यात मेला कोण?"

पण नार्व्याची ओळ एकातही नव्हती. तो परत घरच्या बोलीत कधी घसरलाच नव्हता.

शेवटी मी त्याच्या घरी गेलो. केरीहून फेरीनं तेरेखोलला, तिथून रिक्षा करून पुढे त्याच्या गावात. पडवीत एक किडकिडीत म्हातारा आमसुलं वाळत घालत होता.

"बाबली तूच काय रे?"

"मीच." आवाज घोगरा, फाटलेला. "राणी बघूक इल्यात? राणी आता दाढी करूकय कंटाळता."

मी बसलो. मला आडून बोलता येत नाही. म्हटलं, "नार्व्याक तू एक ओळ म्हटलंस. माझ्या बायकोक ती येत होती. ती गेली. ती ओळ माका होयी."

त्याचा हात आमसुलांवरच थांबला. "नार्व्याचा नाव काढू नकात."

"काढतलंय. त्याच्यासाठी फेरीत उभा रवान इलंय."

त्यानं हातातली आमसुलं पसरून टाकली. मग म्हणाला, "भाऊ, त्या दिसा काय गायलंय ता माका म्हायत नाय. देवाशपथ. लोक सांगतत, राणी पेज म्हणाली. माझ्या राणयेन कधी पेज खाल्लेली नाय."

"पेज निवली, वर साय धरली," मी म्हटलं. "हयपर्यंत माका येता."

"काय म्हणालात?"

परत म्हटलं. तो पुढे सरकून माझ्या तोंडाकडे बघत राहिला. त्यानं ते शब्द पहिल्यांदाच ऐकले होते, स्वतःचे. इतक्या वर्षांत नार्व्यातून कोणी त्याला ते सांगायला गेलं नव्हतं. कोण सांगणार, अशा माणसाला?

"ती तापान निजलेली," तो म्हणाला. "मी नाटकाक भायर पडलंय तेवा पेज चुलीर होती. म्हटलंय, जेवन घे गो. ती म्हणाली, घेतंय." मग पंच्यानं तोंड पुसून म्हणाला, "फुडची ओळ काय?"

"तीच तर इचारूक इलंय!"

दोघेही हसलो. काय करणार? गाणारा तो, ऐकणारा मी, आणि दोघेही रिकामे. जिला येत होती ती गेली.

चहा घेताना त्यानं घशाला हात लावून दाखवलं. गाठ होती. ऑपरेशन ठरलं होतं. "डॉक्टर सांगता, आवाज रवात, नाय रवात. त्याच्याआधी एक नाटक घेतलंय. तुमच्याच मांद्र्यात." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "त्या जागेर मी थांबतलंय. इली तर इली."

आता नाटकाचं ऐका. दिवेलागणीचं नाटक — हल्ली कर्णे वेळेत बंद करावे लागतात म्हणून लवकर लावतात. आमच्या वाड्यावरच्या देवळाचा मंडप. सूर्य अजून बुडाला नव्हता, माडांच्या मधून ऊन थेट रंगमंचावर येत होतं. मी पुढच्या रांगेत. महेश माईकच्या वायरी बघत होता. दीपा खांबाला टेकून फोनवर घेत होती. आमच्या खोलीत उतरलेला पुण्याचा एक पाहुणाही आला होता, त्याला कशातलं काही कळत नव्हतं पण हौस होती. तोही फोन धरून.

बाबली राणी होऊन आला आणि खरं सांगतो, म्हातारा कुठे दिसलाच नाही. मान वळवायची रीत, पदर घ्यायची रीत. मागच्या बायका कुजबुजल्या, "बग गो, तुझ्यापेक्षा बरी नेसली हा."

राजा पडला. राणी उशाशी बसली.

"उठा हो राया..." आवाज खरखरीत निघाला. तो फाटका आवाजच पदाला शोभत होता. मी सगळी रेकॉर्डिंगं ऐकलेला माणूस सांगतो, इतकं उघडं तो कधी गायला नव्हता. आधीच्या सगळ्यांत राणी रडत होती. इथे एक म्हातारा रडत होता आणि त्यानं राणीचा आडपडदासुद्धा ठेवला नव्हता. दोन्ही हात जमिनीला टेकून, घसा ताणून...

"दिवस वर इलो..."

घरची बोली. मी पुढे सरकून बसलो.

"पेज निवली, वर साय धर..."

आणि आवाज गेला. धागा तुटतो तसा. त्याचं तोंड उघडं, गळ्याच्या शिरा वर, पण काही नाही. त्यानं माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत नुसती भीती.

आणि मग ओळ आली.

*मागसून जेवूची सवय माझी,*
*आता — कोणाच्या मागसून जेवू?*

मी ती ऐकली. जशी ही दीपा समोर बोलतेय ना, तशी. बाबलीचाच आवाज होता, पण नार्व्याचा — जुना, भरलेला, गाठ नसलेला. आमच्याकडच्या जुन्या बायका नवऱ्याच्या मागून जेवायच्या, त्याच्याच ताटात. शालन तशीच. मी कितीदा सांगितलं, बरोबर बस म्हणून. बसली नाही. ती ओळ ऐकली आणि मला कळलं की हीच. नुसते शब्द ओळखले नाहीत मी. "आता" म्हटल्यावर ती ओळ थांबली. मधेच. श्वास घेतला. आणि मग पुरी झाली.

तो श्वास शालनचा होता.

आवाज त्याचा आणि श्वास माझ्या बायकोचा. मी असंच सांगू शकतो. दुसऱ्या तऱ्हेनं सांगायला मला येत नाही.

मग मागून एका बाईचा हुंदका आला आणि बांध फुटल्यासारखं सगळ्या बायका रडायला लागल्या. महेश वायर हातात घेऊन उभा होता, तोंड लहान पोरासारखं झालेलं. "अण्णा," तो म्हणाला, "आई ही म्हणायची." मी रडलो. ती गेल्यापासून पहिल्यांदा. लोकांसमोर, पुढच्या रांगेत, नाक गळेपर्यंत. मला काही वाटलं नाही.

नाटक संपल्यावर देवळामागच्या खोलीत गेलो, तिथं रंग उतरवत होते. बाबली भिंतीला टेकून बसला होता, कपाळावर अर्धं कुंकू. मी जाऊन त्याला मिठीच मारली. "म्हटलंस रे! म्हटलंस!"

त्यानं मान हलवली. कुजबुजला, "काय म्हटलंय? माझो आवाज गेललो. मी नुसतो तोंड उघडून बसललंय."

"गप. सगळ्या मंडपान ऐकला."

"मी नाय ऐकूक." त्यानं माझा हात धरला. "भाऊ, मी काय ऐकूक नाय."

पेटी वाजवणारे बुवा कोपऱ्यात पेटी गुंडाळत होते. म्हातारे, बाबलीबरोबर जन्म काढलेले. ते चिडले. "नाटकां कसली करतंस? तू नाय गायलंस तर मी वाजवलंय काय, माझा डोक्या? दशावतारातली पेटी आपल्या मनान जायत नाय. फुडें काय येतला ता आमका तरी खय म्हायत? गाणारो जातलो, त्याच्या मागसून आमची बोटां जातली. तू गेलंस म्हणान मी गेलंय!" मग जरा थांबून म्हणाले, "फक्त मधी तू श्वास घेतलंस. थय तू कधी श्वास घेणस नाय. माका वाटला, गाठीमुळे."

बाबलीनं कपाळावरचं उरलेलं कुंकू पुसून टाकलं.

घरी आलो. अंगणात तो पुण्याचा पाहुणा भेटला. चांगला पोरगा, मोठ्या कंपनीत आहे. संकोचत म्हणाला, "आजोबा, एक विचारू? ते राणीचं काम करणारे गप्प झाले, तेव्हा सगळे एकदम रडायला का लागले?"

मी म्हटलं, "गप्प कुठे झाला? शेवटची ओळ म्हटली ना त्यानं."

"नाही हो. मी समोरच होतो. त्यांना गाता येईना, ते नुसते बघत होते. मग पेटीवाल्यांनी काहीतरी वाजवलं, तेवढंच."

मी दीपाला हाक मारली. तिनं फोन काढला. आम्ही अंगणातच ऐकलं — मी, महेश, दीपा आणि तो. "वर साय धर..." आणि बाबलीचा आवाज तुटतो. पुढे सगळं स्वच्छ ऐकू येतं. मागे कोणाचं तरी मूल कुरकुरतं. कोणी खोकतं. पखवाज हळू चालू आहे. आणि पेटी... पेटी कोणाच्या तरी मागून जाते. गाणाऱ्याच्या मागून जाताना पेटी किंचित उशिरा येते, सूर चाचपत येते. ज्यानं इतकी रेकॉर्डिंगं ऐकलीत त्याला ते कळतं. तशीच जाते. पहिली ओळ पुरी करते. मग थोडी पुढे जाते, थांबते... एका श्वासाएवढी थांबते... आणि उरलेलं पुरं करते. पण ज्याच्या मागून जाते तो तिथं नाही. मग तो हुंदका.

पाहुण्याच्या फोनवरही तेच.

दीपा रडायला लागली. "अण्णा, मीयां ऐकलं. ह्याच कानांनी. मी फोन धरून उभी होते." महेशनं ऐकलं होतं. वाड्यावर घरोघर जाऊन विचारलं, सगळ्यांनी ऐकलं होतं आणि सगळ्यांनी तीच ओळ सांगितली, शब्दाचा फरक नाही. एकट्या त्या पाहुण्यानं नाही. आणि बाबलीनं नाही.

दीपाच्या ओळखीचे एक मास्तर आहेत, ते म्हणाले, लोकांना पद माहीत असतं, पेटी ऐकून मन शब्द भरून काढतं. असेल. मी त्यांना विचारलं, जी ओळ एकदाच नार्व्यात म्हटली गेली ती मांद्र्याच्या माणसांच्या मनात कुठून भरली? आणि माझ्या मनातून ती पुसली गेली होती, ती मी कशातून भरली? ते म्हणाले, विचार करून सांगतो. सांगितलं नाही अजून. माझी घाई नाही. मलाही काही सांगता येत नाही. कोण गायलं? त्याची बायको, माझी बायको, की शालन म्हणायची तसं नुसतं पदच? मी पुष्कळ डोकं चालवलं, शेवटी सोडून दिलं. भीती म्हणाल तर कसलीच वाटली नाही. रात्री समुद्रावर आकाशाकडे बघून जसं आपण मुंगी वाटतो आणि तरी बरं वाटतं, तसं काहीतरी.

इथेच थांबणार होतो, पण दीपा म्हणते पुढचंही सांगा.

ऑपरेशननंतर मी बाबलीकडे गेलो. दीपानं ते रेकॉर्डिंग माझ्या फोनवर घालून दिलं होतं. गळ्याला पट्टी, बोलणं बंद, हातानं खुणा. तो बारीक झाला होता. मी जाताना उंडे, म्हणजे आमच्याकडचे कडक पाव, नेले होते, मग लक्षात आलं, हा चावणार कसा. त्यानं खुणेनं सांगितलं, चहात बुडवून खाईन.

मी फोन काढून त्याच्या पुढ्यात ठेवला. त्यानं ऐकलं. आवाज तुटला, पेटी एकटी गेली, संपली. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि स्वतःच्या कानाला बोट लावून मान हलवली. मग बोट माझ्याकडे केलं. माझ्या तोंडाकडे.

मला कळलं त्याला काय हवंय. त्याची बायको गेली त्या संध्याकाळी त्याच्याच तोंडून निघालेली ओळ. सगळ्या मुलखानं दोनदा ऐकली आणि त्याला ती एकदाही मिळाली नव्हती.

म्हटलं, "बाबली, माझो आवाज म्हणजे खडी उतयल्यासारखो. जन्मात कधी गायलंय नाय."

त्यानं परत बोट केलं.

मी रेकॉर्डिंग परत लावलं. आवाज तुटला त्या जागी डोळे मिटून मी म्हटलं —

मागसून जेवूची सवय माझी...

पेटी माझ्या मागून आली. किंचित उशिरा, सूर चाचपत. मी "आता" म्हटलं आणि छातीतलं सगळं संपलं, थांबावंच लागलं. पेटीही थांबली. मी श्वास घेतला. मग आम्ही दोघांनी ओळ पुरी केली.

डोळे उघडले तेव्हा बाबली भिंतीकडे तोंड करून बसला होता, खांदे हलत होते. मी फोन बंद करायला गेलो, तर त्यानं न वळताच माझा हात धरला आणि एक बोट वर केलं.

परत.

मी परत लावलं.